एकही आकडा उडाला नाही

भूत, करणी, दृष्ट यांवर माझा काडीचा विश्वास नाही. आधीच सांगते, म्हणजे कमेंटमध्ये उतारे सुचवायचा तुमचा त्रास वाचेल. खंडेनवमीला अख्ख्या चाकणमध्ये मशीनला कुंकू लागतं. आमच्या मशीनला मी लावू देत नाही. भेसळीच्या कुंकवात शिसं असतं, आणि आम्ही शिसंच मोजतो.

एमआयडीसीतली टेस्टिंग लॅब. नमुना प्लाझ्मात, म्हणजे धगधगत्या वायूत, जातो, शिशाचे अणू मोजले जातात. एकच नमुना पाचदा मोजला तरी पाच आकडे वेगळे येतात, मशीन कितीही भारी असो... एकाच मापाने पाचदा मुरमुरे भरा, दाणे सारखे भरतील का? याला आम्ही नॉइज म्हणतो. आकडे फारच उडाले तर रिपोर्ट देता येत नाही.

मागच्या वर्षीचा एक मंगळवार, सकाळचे साडेअकरा. शेजारच्या शेडमधला प्रेस धडधडत होता, करंट खालीवर होत होता, आकडे नाकतोड्यांसारखे उड्या मारत होते. पुढचा नमुना सुमनताईंच्या रक्ताचा. मूळच्या लातूरकडच्या, राहायला काळेवाडीत, जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या शेडमध्ये कामाला. हात थरथरायचे. मालक म्हणे, "वय झालं." डॉक्टरांना शिशाची शंका होती. रिपोर्ट निघाला नाही तर ताई पुन्हा भट्टीवर.

नमुना लावला. ४१२०६. ४१२०६. पाचही वेळा ४१२०६.

असं होत नाही. होऊच शकत नाही.

आमचे साहेब — केबिनमध्ये क्वालिटीच्या सात ट्रॉफ्या — धावत आले. "मशीन हँग झालंय. 'निष्कर्ष काढता येत नाही' लिहा आणि मोकळ्या व्हा." ताईंचा तो मालक आमचं जुनं गिऱ्हाईक.

"हँग झालंय ना सर? मग नमुना निम्मा पातळ करून बघू. हँग असेल तर आकडा तोच येईल."

२०६०३. पाचही वेळा. बरोब्बर निम्मा!

पुढचा नमुना लावला, तर आकडे परत नाकतोडे.

"मॅडम, सही करू नका. तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही ना?"

"नाही. मोजण्यावर आहे." 'शिसं धोक्याच्या पातळीच्या वर' लिहिलं आणि सही केली.

उरलेलं रक्त मी दुसऱ्या लॅबला पाठवलं. तिथे आकडे रीतसर उडाले, पण सरासरी आमचीच आली. ताईंचं भट्टीचं काम सुटलं, उपचार सुरू झाले. सर्व्हिस इंजिनिअरने मशीन उघडलं, दोन कप चहा घेतला आणि 'दोष नाही' लिहून गेला.

देवीची कृपा म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. देवीला यायचंच होतं तर त्या शेडमध्ये धूर ओढणारा पंखा घेऊन यायचं.

रिपोर्ट न्यायला सुमनताई स्वतः आल्या होत्या. कागद उलटसुलट करत म्हणाल्या, "खरं हाय का ओ मॅडम हे? का मशिनीनं बी मालकाचं मीठ खाल्लंय?"

"खरं आहे, ताई."

"मग तुमचं तोंड कामून असं उतरलंय?"

तेवढी दहा-बारा मिनिटं नॉइज कुठे गेला होता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही कळलेलं नाही. सही मात्र मागे घेणार नाही.