हॉस्पिटलसमोरची केबल

हॉस्पिटलच्या फाटकासमोर मोबाइलच्या सामानाचं एक दुकान आहे. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं आणि मी चार्जरची केबल घरी विसरलो होतो, म्हणून तिथं गेलो. दुकानदारानं तिप्पट भाव सांगितला. मी वैतागून म्हटलं, "आत सोन्याची तार आहे का?"

तो शांतपणे म्हणाला, "काका, भाव करताय म्हणजे तुमचा पेशंट बरा आहे."

तेवढ्यात एक बाई धावत आली. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. बंद पडलेला फोन पुढं करून म्हणाली, "दादा, याला बसेल ती द्या. आतून डॉक्टरांचा फोन येईल." त्यानं भाव सांगितला. तिनं तो ऐकला की नाही कोण जाणे. नोटा ठेवल्या आणि केबल घेऊन तशीच पळाली.

वस्तूची किंमत तिच्यातल्या तांब्यावरून ठरते, असं मी आजवर धरून चाललो होतो. ती घेणारा किती घाबरलाय, यावरूनही ठरते तर.

मला त्यानं शेवटी पैसे कमी केले. मला कसलीच घाई नव्हती.

केबल अजून चालते. फोन चार्जिंगला लावला की त्या दोन चपला आठवतात, आणि वाटतं, तिचा फोन वेळेत सुरू झाला असेल ना.