लाईनीवरचं कपाट

माझा भाचा अमेरिकेत असतो. मागच्या दिवाळीत त्यानं मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. एका लहानशा गावाचा मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, कडेला मोटारी उभ्या, आणि रस्त्याच्या मधोमध लांबच लांब मालगाडी चाललेली. एक बाई कुत्र्याला घेऊन फूटपाथवर उभी होती आणि गाडीकडे बघतसुद्धा नव्हती. खाली भाच्यानं लिहिलं होतं, "मावशी, विश्वास बसतो का? भर रस्त्यातून मालगाडी!"

ती बाई मला एकदम ओळखीची वाटली. मी त्याला फोन लावला आणि म्हटलं, "बाळा, तुझी मावशी अशाच रस्त्यात नांदायला गेली होती. आमच्याकडे तर फूटपाथही नव्हता."

त्याला वाटलं मी थापा मारतेय. मग मला सगळं सांगावं लागलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी चोपड्याकडच्या खेड्यातून सुरतेला, उधन्यात आले. सासरे आणि नवरा दोघंही लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला. सासू घरी बसून साड्यांना चमकीच्या टिक्या लावायची. आमची गल्ली सगळी खानदेशी, टोकाला चहाची लारी, म्हणजे हातगाडी, तेवढी एका सुरती काकांची. आणि गल्लीच्या बरोब्बर मधून रूळ गेलेले. यार्डातून फुटलेली ती एकेरी लाईन आमची घरं ओलांडून मागच्या गोदामांपर्यंत जायची. रूळ मातीत इतके दबलेले की नवख्याला दिसायचेही नाहीत. त्यांच्यावर मिरच्या वाळायच्या, शेळ्या बसायच्या, बायका तांदूळ निवडायच्या.

सासरची पहिली सकाळ मला अजून आठवते. भाकरी थापत होते तर फळीवरची ताटं आपोआप वाजायला लागली. मग डबे. मग खालची जमीन. मी पिठाच्या हातानं दाराकडे धावले तर दारातून उजेडच येईना. समोर लोखंडाची एक भिंत सरकत होती.

सासू टिक्या लावता लावता मान वर न करता म्हणाली, "गाडी शे. भाकर देख, जळी राहिनी."

तिनं डावा हात लांब करून कडेचं ताट नेमकं पडायच्या आत धरलं, गाडी जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं, आणि मग सोडलं. पुढे ते काम माझ्याकडे आलं.

गाडी माणसाच्या चालीनं यायची, कारण तिच्यापुढे खरोखरच एक माणूस चालायचा. हातात लाल झेंडी, गळ्यात शिट्टी. तोही आमच्याच बाजूचा, पारोळ्याकडचा. शिट्टी वाजली की शेळ्या आपणहून उठायच्या, मिरच्यांची पोती ओढली जायची, आणि गल्ली दोन भागांत वाटली जायची. समोरासमोरच्या दोन बायकांचं भांडण चालू असेल तर तेही अर्ध्यावर थांबायचं. डबे थोडे असले तर शेवटचा डबा जाताच त्याच शब्दापासून पुन्हा सुरू व्हायचं. डबे जास्त असले तर मात्र भांडण विझून जायचं, आणि गाडी गेल्यावर त्या एकमेकींना विचारायच्या, "आज काय भाजी केली?"

हे सगळं मी माहेरी सांगितलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, गालात हसले. लग्नाच्या वेळी ते येऊन गेले होते. त्या दिवशी गाडी आली नव्हती. रुळावर बसलेल्या शेळ्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. "पोरगी हौशी आहे, रंगवून सांगते," असं ते आईला म्हणाले. पण माझ्या साड्या खाटेखालच्या पेटीत असतात हे मात्र त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून कपाट करून घ्यायचं ठरवलं. साड्याच काय, गोधड्याही मावाव्यात म्हणून ते मुद्दाम खोल करायला लावलं. वर आरसा, आणि आरशाच्या वर पत्र्याचा मोर.

केळीच्या ट्रकवर बसून, कपाट दोरानं बांधून आबा एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी उतरले. कपाटात केळीचा एक घडही होता, विहिणीसाठी.

आता इथे सांगायला हवं की आबा आणि माझे सासरे यांच्यात भयंकर अदब होती. व्याह्याला आमच्याकडे याही म्हणतात, आणि याह्यासमोर माणूस खोकतानाही जणू परवानगी घेतो. दोघं एकमेकांना "आपण" म्हणायचे, आणि एकानं काही सुचवलं की दुसरा लगेच "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळा व्हायचा. त्यामुळे दोघांच्यात कधी काही ठरलं म्हणून नाही.

सासऱ्यांनी लारी आणली. शेजारच्या दोघांच्या मदतीनं कपाट तिच्यावर चढवलं आणि गल्लीतून ढकलत आणलं. आमच्या दाराच्या थोडं अलीकडे लारीचं चाक रुळाच्या खाचेत जाऊन बसलं ते हलेना. मग चाक सोडवायचं म्हणून कपाट खाली उतरवलं आणि ठेवलं कुठे, तर लाईनीवर. दोन रुळांच्या मधोमध, मोरासकट.

"आता कसं करायचं, याही?" सासरे म्हणाले.

"तुम्ही म्हणाल तसं," आबा म्हणाले.

"छे छे, कपाट आपलं. शब्दही आपलाच."

"कपाट आता माझं कुठलं? दिलं ते दिलं. आपण सांगा."

थोडा वेळ हे चाललं. शेवटी एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं, आधी चहा घ्यावा. टोकाच्या काकांनी चहा पाठवला, आणि दोघं याही कपाटाला टेकून लाईनीवर बशीतून चहा प्यायला लागले. सासू दारातून म्हणाली, "लाईन शे ती. आधी उचला." आबांनी हसून हात हलवला. त्यांच्या मते ती लाईन बंदच होती.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

शेळ्या उठल्या. मिरच्या आत गेल्या. वळणावरून आधी लाल झेंडी आली, मग तिच्यामागून इंजिनाचं तोंड. झेंडीवाला कपाट बघून जागच्या जागी थांबला, मग दोन्ही हात वर करून ओरडत पळत आला, "ओ आबा! आठे काय मांडं तुम्ही? गाडी उनी ना!"

आबांनी बशी खाली ठेवली. घाबरायचं सोडून ते आनंदानं माझ्याकडे वळले. "अगं, खरंच येते की!"

इंजिन कपाटापासून थोड्या अंतरावर फुसफुसत उभं राहिलं. ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत होता. मग खाली उतरला. मोठ्या मिशांचा, शांत माणूस. त्यानं कपाटाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ये अलमारी किसकी है?"

आबांनी अदबीनं सासऱ्यांकडे हात केला. "इनकी."

सासऱ्यांनी तितक्याच अदबीनं आबांकडे. "नहीं जी, इनकी."

"तो फिर रेलवे की समझूँ?" ड्रायव्हर म्हणाला.

मग मात्र धावपळ झाली. लारी उलटी करून बाजूला ओढली, झेंडीवाल्यासकट सहा जणांनी कपाट उचललं आणि आमच्या दाराशी आणलं. दारातून ते आत जाईना. उभं धरलं, आडवं धरलं, तिरपं धरलं. आबांनी गोधड्यांसाठी करून घेतलेला खोलपणा सगळीकडून आड येत होता. दार आमचं अरुंद, एकाच फळीचं, आणि कपाट त्याच्यापेक्षा चार बोटं जास्तच.

"ठीक आहे, बाहेरच राहू द्या, गाडी तर जाऊ द्या," असं कुणीतरी म्हणालं. झेंडीवाल्यानं झेंडीची काठी घेऊन भिंतीपासून रुळापर्यंत माप घेतलं, कपाटाला लावून पाहिलं आणि मान हलवली. इंजिन जाईल, म्हणाला, पण डब्याच्या दाराच्या कडीत मोर अडकेल. पुढे गोदामापर्यंत दोन्हीकडे घरंच घरं, कुठे कोपरासुद्धा नाही. गाडी मागे घ्यावी तर शेवटचे डबे मोठ्या रस्त्याच्या फाटकात अडकलेले. तिकडून रिक्षांचे भोंगे ऐकू यायला लागले होते. टोकाचे काका बघायला आले. "शुं थयुं?" विचारत पुढे घुसले आणि बघून म्हणाले, "अरे, आ तो कबाट छे!" जणू काही एवढा वेळ आम्हाला ते हत्ती वाटत होतं.

आमचे हे रातपाळी करून आत झोपले होते. माझा नवरा गाडीच्या आवाजानं कधी जागा व्हायचा नाही. तो जागा झाला ते गाडी न गेल्यामुळे. लुंगी सावरत दारात आला तर दारात कपाट, कपाटामागे इंजिन, आणि त्याचा सासरा इंजिनच्या ड्रायव्हरला केळं सोलून देतोय. त्यानं सगळं नीट बघून घेतलं. मुळात तो कमी बोलणारा.

"चौकट काढा," एवढंच म्हणाला.

सासऱ्यांना ते पटलं. "बरोबर आहे. काढू चौकट."

आणि आबा, जे आजवर प्रत्येक गोष्टीला "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत आले होते, ते एकदम आडवे आले. "मुळीच नाही! माझ्यामुळे मुलीच्या घराची चौकट निघणार? गावात काय तोंड दाखवू? कपाट परत नेतो मी."

"परत? दारात आलेली वस्तू परत नेणार?" सासऱ्यांचा आवाज चढला. "माझ्या घराची शोभा करता का?"

"माप न घेता दार केलं कुणी, याही?"

"दार पंधरा वर्षांचं आहे! माप न घेता कपाट कुणी केलं ते बोला!"

"गोधड्या कुठे ठेवल्या असत्या मग, तुमच्या डोक्यावर?"

"अरे, तुझ्या गोधड्या घाल चुलीत!"

सासरे आबांना "अरे" म्हणाले होते. याह्याला अरे-तुरे म्हणजे पोरीचं माहेर तुटलंच. मी आबांकडे बघायचंही टाळलं.

आबा एक पाऊल पुढे आले. मग म्हणाले, "तू घाल चुलीत. आधी चूल तरी दिसू दे. कपाटाच्या पलीकडे आहे ती."

सगळ्यांत आधी ड्रायव्हर हसला. त्याला मराठी किती कळलं देव जाणे, पण तो असा हसला की झेंडीवाला हसला, मग सासरे स्वतःच हसायला लागले, आणि आबांना तर ठसकाच लागला. सासूला मात्र हसायला वेळ नव्हता. ती सरळ ड्रायव्हरकडे गेली आणि म्हणाली, "ओ भाऊ, पहार शे का गाडीमां?"

पहार होती. इंजिनातून लांबलचक लोखंडी पहार आली. नवऱ्यानं आणि झेंडीवाल्यानं मिळून ती चौकटीत घातली, आबा आणि सासरे एकाच बाजूनं चौकट ओढायला लागले. "अरे, तू खाली धर!" "मी खालीच आहे, तू वर बघ!" हे अरे-तुरे आता कामाचं झालं होतं. अर्धी भिंत पोपडे टाकत खाली आली आणि चौकट त्या दोघांच्या अंगावर. धुरळ्यातून दोघं एकमेकांचा हात धरून उठले.

मग कपाट गेलं आत. ते समोरच्या भिंतीला लावलं तेव्हा त्याच्या आरशात अख्खी गल्ली दिसायला लागली. ड्रायव्हरनं आमच्या दारातून, म्हणजे दार होतं तिथल्या भगदाडातून, आरशात बघून मिशा नीट केल्या. सासूनं त्याला आणि झेंडीवाल्याला उरलेली केळी दिली. मागच्या डब्यातून गार्ड एव्हाना चालत चालत आला होता आणि "क्या हुआ, क्या हुआ" विचारत होता. त्याच्याही हातात एक केळं पडलं. इतका उशीर का झाला याचं त्यानं वर काय सांगितलं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

गाडी निघाली तेव्हा आबा भगदाडात उभे राहून शेवटच्या डब्यापर्यंत बघत होते. ताटं वाजायला लागली तसा मी डावा हात लांब केला. आबा वळून म्हणाले, "हे मात्र तू सांगितलं नव्हतंस."

आबा त्याच संध्याकाळी परत जाणार होते, पण घर उघडं टाकून जाववेना. सुतार येईपर्यंत ते राहिले. दाराला गोधडी टांगली. जुनी चौकट परत लावायची नाही, रुंद करायची, हे त्या दोघांनी माझ्या नवऱ्याला न विचारता ठरवलं. दिवसभर दोघं भगदाडाशेजारी पाट टाकून बसायचे आणि सुताराला एकमेकांविरुद्ध सूचना द्यायचे. "याही" हा शब्द त्यानंतर मी दोघांच्या तोंडून ऐकला नाही. पुढे कितीदा तरी सासरे सुट्टी काढून एकटेच चोपड्याला जायचे. आम्हाला सांगायचे, "शेतात काम आहे त्याचं." सासऱ्यांना शेतातलं काही येत नव्हतं.

आणि कपाट? पहिल्याच दिवशी सासूनं त्याचे खण वाटून दिले. वरचा तिला, कारण तिचे गुडघे दुखतात, वाकवत नाही. दुसरा टिक्यांच्या साड्यांना, कारण तो धंदा. तिसरा सासऱ्यांना आणि नवऱ्याला मिळून, कारण पुरुषांचं असतं काय. गोधड्यांना मोठा खण द्यावाच लागला, त्यांच्यासाठीच तर एवढं झालं. माझ्या वाट्याला सगळ्यात खालचा आला, तोही अर्धा. उरलेल्या अर्ध्यात सासूनं पापडांचा डबा ठेवला. त्या अर्ध्यात मावणार काय! माझ्या साड्या खाटेखालच्या पेटीतच राहिल्या. आबांना हे मी कधी कळू दिलं नाही. दर वेळी आले की ते आरशासमोर उभे राहून विचारायचे, "मावतंय ना सगळं?" आणि सासू माझ्याआधी म्हणायची, "मावतं की! भलतं खोल कपाट शे तुमचं."