म्हशीची चाल आणि माझी

प्लास्टर काढल्याच्या नवव्या दिवशी मी घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला निघालो. देवळाली प्रवरेहून टेम्पोत पुढे ड्रायव्हर, आप्पा आणि मी. मागे विकायची म्हैस. डाव्या पायाच्या पंजातलं हाड मोडल्यामुळे माझं दीड महिना कॉलेज बुडालं होतं. सोमवारपासून प्रात्यक्षिकं होती. हॉस्टेलवर जाऊ का विचारलं, की माझे वडील, म्हणजे आप्पा, एकच म्हणत, आधी नीट चालून दाखव. ते दाखवायलाच मी हट्टाने आलो होतो.

राहुरी मागे पडली. सोनईला आम्ही भजी खाल्ली. उतरताना मी उजवाच पाय आधी टाकला. आप्पांनी ते पाहिलं.

बाजारात धूळ आणि हंबरणं. मी दावं (जनावराची दोरी) मागून घेतलं आणि शक्य तितक्या ऐटीत चाललो. आमची म्हैस समजूतदार. मी अडखळलो की तीही अडखळायची, मी थांबलो की थांबायची.

"म्हस लंगडती की," एक म्हातारा हेडी (जनावरांचा दलाल) म्हणाला.

आप्पांनी शपथ घेतली. तोवर चौघे उकिडवे बसून म्हशीचे खूर तपासू लागले होते. एकाने तर तिच्या गुडघ्यात वात असल्याचं निदानही केलं. खरं सांगावं तर माझा सोमवार जाणार, न सांगावं तर म्हैस बदनाम होणार.

"म्हैस नाही," मी शेवटी म्हणालो, "मी लंगडतोय."

हेडीने दावं माझ्या हातून घेतलं आणि म्हैस फिरवली. ती तालात चालली. मग तो माझ्याकडे वळला आणि हातातल्या काठीने खुणावत त्याने मलाही फिरायला लावलं.

"आधी टाच टेकव. चवड्यावं काय चालतो, चोरी केली व्हय?"

मी त्या गर्दीत चार फेऱ्या मारल्या. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, पण त्यांच्या हातात काठी नव्हती. चौथ्या फेरीला लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात उशिरा आलेल्या एका गिऱ्हाइकाने मिश्कीलपणे माझ्याकडे बोट दाखवून आप्पांना विचारलं, "मालक, ह्याचं काय सांगायचं?"

"हा इकायचा न्हाई," आप्पा म्हणाले. "ह्याला सोमवारी कालिजात सोडायचाय. आमच्या घरातला पहिलाच हाय."

मी आणखी एक फेरी मारली. कुणी सांगितली नव्हती.

परतताना टेम्पो मागून रिकामा होता. मला आनंद झाला होता, आणि थोडं वाईटही वाटत होतं. अख्ख्या बाजारात माझ्या पायाला पाय जुळवून चालली ती एकटी म्हैसच.