ओटीवरचं लाल बटण

विजेवर इतका संशय घेणारा आणि तरीही तिची इतकी बडदास्त ठेवणारा माणूस अख्ख्या मावळात माझ्या नणंदेच्या यजमानांखेरीज दुसरा नसेल. मी त्यांना भाऊजी म्हणते. वराळ्याला त्यांच्या माजघरात अंडी उबवायचं यंत्र आहे. थर्माकोलची पेटी, आत दिवे आणि पंखा, वर गोधडी. सगळं घर त्या पेटीच्या तब्येतीने चालतं. वन्संना चटणी वाटायची असेल तर आधी "लावू का मिक्सर?" असं ओरडून विचारावं लागतं, कारण मिक्सर फिरला की व्होल्टेज ढळतं. विहिरीची मोटर सुरू होताना भाऊजी पेटीपाशी तापमानाच्या काट्यावर नजर लावून उभे असतात. अर्थिंगसाठी त्यांनी अंगणात मीठ-कोळसा घालून खड्डा केलाय आणि त्यात रोज आंघोळीनंतर तांब्याभर पाणी घालतात. "तुळशीला कदी घातलं न्हाई एवड्या भक्तीनं," असं वन्संनी म्हटलं, तर शांतपणे म्हणाले, "तुळस शॉक देत न्हाई."

मी याद्या करणारी बाई. प्रवासाची वेगळी, आजारपणाची वेगळी. पण पेटीमागच्या पुठ्ठ्यावरची त्यांची यादी वाचून मी थक्क झाले. लाइट गेली तर. व्होल्टेज चढलं तर. उंदरानं वायर खाल्ली तर. पाहुण्यानं मोबाइल लावला तर. प्रत्येकापुढे उपाय. पेटीत पाण्याच्या चार बाटल्या कायम कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "वहिनी, पानी ऊब लवकर सोडत न्हाई. कोंबडी बी दाणं टिपाया उठतीच की. तेवडा येळ काडायचा."

मागच्या वर्षी त्यांच्या मुलीचा साखरपुडा तळेगावला होता. त्याच दिवसांत पेटीत लोहगडवाडीच्या एका मावशींची अकरा अंडी होती. मावशी गडाखाली ट्रेकर मंडळींना पिठलं-भाकरी खाऊ घालतात. माहेरून आणलेल्या त्यांच्या कोंबड्या रोगाने गेल्या, उरलेली एक रानमांजराने नेली. तिची अंडी ओच्यात घेऊन त्या आल्या होत्या. "भाऊ, एवडी वाचीव. आईच्या घरची हायेत."

मदतीला मी आदल्या दिवशीच वराळ्याला आले होते. साखरपुड्याच्या दिवशी घरातून शेवटची निघणार होते मी. हातात यादी: गॅस, नळ, मागचं दार, सगळी बटणं. ओटीवर एका बटणाचा लाल दिवा भर दुपारी जळत होता. बंद केलं, यादीवर खूण केली, कुलूप लावलं.

तासाभराने मंगल कार्यालयात मी भाऊजींना मोठ्या अभिमानाने म्हटलं, "घराची काळजी नको. ओटीवरचं लाल बटणसुद्धा बंद करून आलेय." फेट्याखाली त्यांचा चेहरा पांढरा पडला. मिक्सर-मोटरीची झळ नको म्हणून पेटीची लाइन त्यांनी वेगळी, ओटीवरून घेतली होती.

"वहिनी, चावी द्या," एवढंच बोलले.

"अवो, पोरीला अंगठी घालायची हाय, कुटं निघालात?" वन्संनी मागून हाक मारली.

"आलोच. एक बटान ऱ्हायलंय."

मोटरसायकलवर पुढे फेट्यासकट ते, मागे शालूतली मी. वाटभर मला मावशींचा ओचा दिसत होता. घरी पोचून त्यांनी आधी बटण लावलं, मग गोधडी उचलली. काटा खाली आला होता. मी बाटलीला हात लावला, अजून कोमट होती. भाऊजींनी एक अंडं मोबाइलच्या उजेडापुढे धरलं. आत काहीतरी हललं.

"हाय," ते म्हणाले.

अंगठीच्या वेळेला आम्ही परत कार्यालयात होतो. तीन दिवसांनी अकरातून नऊ पिल्लं निघाली. मावशींनी ती पाटीत घेतली आणि भाऊजींच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी बटण बंद केल्याची कागाळी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा ओटीवरच्या त्या बटणावर साबणाच्या डबीचं झाकण बसवलेलं होतं. पुठ्ठ्यावर एक ओळ वाढली होती: घरच्या माणसानं काळजीनं बंद केलं तर. पुढे उपाय: बाटल्या आहेत. रागावू नये.

मुलगी आता सासरी गेली. वन्संचा मिक्सर अजून विचारूनच लागतो. मी मात्र हल्ली तळेगावच्या आमच्या फ्लॅटमधून निघताना सगळ्या खुणा करून झाल्यावरही दारात क्षणभर थांबते, आत कुणी काही उबेला ठेवलेलं तर नाही ना, म्हणून.