कुणी हात लावायचा नाही

आमची पोरगी सहा-सात वर्षांची असताना घोरायची. नळदुर्गात हमरस्त्याला लागून आमचं घर. रात्रभर ट्रक जायचे, पण शेजारणीची तक्रार ट्रकांबद्दल कधीच नव्हती. "तुमच्यात म्हातारा एवढा घोरतो व्हय?" असं ती विचारायची. खरं तर माझे सासरे अजिबात घोरत नसत. फार शांत झोपेचा माणूस, असं आम्ही सगळे समजत होतो.

घोरण्याचं हसू यायचं, पण घोरता घोरता पोरीचा श्वास मधेच थांबायचा, त्याचं नाही. तोंड उघडं, छाती धडपडतेय आणि आत हवाच जात नाही. मग एकदम आचका देऊन गाडी पुन्हा सुरू. त्यात ते दुष्काळाचं साल. पाण्याचा टँकर झुंजुमुंजू व्हायच्या आत यायचा, त्यासाठी मी घागरी घेऊन रांगेत. आमचे हे दूध संघात रात्रपाळीला. म्हणून पोरगी झोपायची सासऱ्यांजवळ.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तिचा घसा पाहिला आणि गाठी फार वाढल्यात म्हणाले. "पण एवढ्याशा जिवाचं ऑपरेशन करायचं तर आधी एक रात्र तिची झोप मला स्वतः बघू द्या. घरचे लोक नेहमी वाढवून सांगतात." छातीवर चकत्या चिकटवून वायरी यंत्राला जोडणार, नर्स उशाशी बसून राहणार. अट एकच. ती झोपली की काहीही झालं तरी कुणी हात लावायचा नाही. तोवर घरी तिला एकटीनं खाटेवर झोपायची सवय लावा, असंही त्यांनी सांगितलं.

आमच्या ह्यांना असलं काम मिळायचाच अवकाश. सुट्टीच्या रात्री शेजारून खाट आणली. मळलेल्या कणकेच्या टिकल्या पोरीच्या छातीवर चिकटवल्या, त्यात सुतळ्या खोवल्या आणि त्यांची टोकं नेऊन रेडिओला बांधली. रेडिओ बंद होता, तरी ऐट दवाखान्याची. स्वतः दुधाच्या कॅनवर बसून हातात बॅटरी घेतली. दुष्काळात एवढी कणीक वाया गेली म्हणून माझा जीव जळत होता, आणि गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून कौतुक करत होत्या.

"आता आम्ही कोण?" ह्यांनी विचारलं.

"डॉक्टर," पोरगी म्हणाली. "पण डॉक्टर, तुमच्या बनियनला भोक हाय."

मग ती गाढ झोपली. डॉक्टरही कॅनवर बसल्या बसल्या झोपले. सकाळी कणकेला मुंग्या लागल्या आणि पोरगी खाजवत उठली. तरी तालीम रोज चालली, पाळी असली की कामावर निघायच्या आधी. तेवढ्यात सासऱ्यांनाही बजावून झालं. आमच्याकडे सुनेनं सासऱ्यांशी सरळ बोलायची रीत नव्हती. जे काही सांगायचं ते पोरीमार्फत. "आबांना सांग, दवाखान्यात तुला कुणी हात लावायचा नाही." पोरीनं सांगितलं. सासरे म्हणाले, "व्हय व्हय."

दवाखान्यात जायच्या दिवशी ह्यांना कामावरून रजा मिळाली नाही, म्हणून सोबतीला सासरे आले. बाईमाणसाजवळ पोर राहणार, म्हाताऱ्यांनी बाहेर व्हरांड्यात झोपायचं, असं ठरलं. पोरगी तर तयारीची उस्ताद. खऱ्या चकत्या लावल्या तेव्हा तिनं नर्सला विचारलं, "ह्याला मुंग्या येत न्हाईत ना?" आणि लगेच घोरायलाही लागली. मी खाटेखाली चटईवर पडले.

सकाळी डॉक्टर आले, नर्सचं ऐकलं, कागद पाहिले आणि चष्मा काढून माझ्याकडे बघू लागले. मुलगी घोरते, पण तिचा श्वास काही थांबत नाही. ऑपरेशनची गरज नाही. घरी न्या.

मी काय खोटं सांगितलं होतं? माझ्या डोळ्यांसमोर तिची ती धडपडणारी छाती. हा माणूस आम्हाला घरी पाठवतोय, आणि उद्या एखाद्या रात्री तो आचका आलाच नाही तर?

पोरगी मात्र आळस देत म्हणाली, "मला आज लई झोप येतीय. आबा रातभर अंगठा वडीत होते."

खाटेचं पायथ्याचं टोक खिडकीशी होतं आणि खिडकी व्हरांड्यात उघडत होती. श्वास अडकायला लागला रे लागला की गजातून हात घालून सासरे तिच्या पायाचा अंगठा ओढत होते. उशाशी बसलेल्या नर्सला पत्ताच नाही. डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं आणि घरीही असंच करता का, असं विचारलं.

"मग काय बगत बसू व्हय?" सासरेच चिडले. "रोजच करतो."

आम्ही तालीम घेतली पोरीची. घ्यायला हवी होती म्हाताऱ्याची!

डॉक्टर हसले आणि आणखी एक रात्र देतो म्हणाले, शेवटची. त्या रात्री सासऱ्यांना मीच आत बसवून घेतलं, डोळ्यांसमोर असलेले बरे म्हणून. आम्ही दोघं चटईवर, मधे बरंच अंतर, माझा पदर डोक्यावर. पोरगी घोरू लागली. मग घोरणं थांबलं. नर्स घड्याळाकडे बघत वाकली. सासऱ्यांचा हात उठला.

सांगणार कशी? निरोप नेणारी खाटेवर झोपलेली. मी सरकले आणि त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "मामा, नका," म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द. त्यांनी हात सोडवायला जोर केला, मग तो नाद सोडला, आणि मग माझाच हात इतका दाबला की बांगडी पिचली. पोरीनं आचका दिला. आम्हीही श्वास घेतला. सकाळपर्यंत तो हात मी सोडला नाही, आणि ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशननंतर ती इतकी गुपचूप झोपायला लागली की सासऱ्यांची पंचाईत झाली. काही ऐकू येत नाही म्हणून ते पुन्हा अंगठा ओढायचे. शेवटी एकदा पोरगी खेकसली, "आबा, म्या जित्ती हाय! झोपा की आता!"

मग ते झोपले. आणि घोरायला लागले, असे की शेजारीण पुन्हा दारात. एवढी वर्षं आमचा शांत झोपेचा माणूस मुळी झोपतच नव्हता.

त्यांचंही घोरणं कधी कधी मधेच थांबायचं. पण दवाखाना वेगळा आणि घर वेगळं. घरात सून सासऱ्याला हलवणार कशी? मग मी अंधारात चाचपडत उठायचे आणि पाण्याचा तांब्या फरशीवर जरा जोरात ठेवायचे.