तिसऱ्या मिनिटानंतरची झांज

डाव्या कानात किणकिण सुरू झाली तेव्हा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी वीस वर्षं काढली होती. लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात, प्रत्येकाचा कान कधी ना कधी वाजतोच, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. पण ती थांबेना. जेवताना, गाडीवर, बायको बोलत असताना, सारखी. मला एकच भीती होती आणि ती सांगायची लाज वाटत होती. माझी गाणी गेली तर?

माझी गाणी म्हणजे डिस्को, टेक्नो, ट्रान्स, सगळी ठेक्यावर चालणारी परदेशी नाचगाणी. सोलापुरात ती आवडणारी माणसं मला आजवर तीन भेटली, त्यातली दोन पुढे भजनाकडे वळली. मी सातवीत असताना मामानं आखातातून डिस्कोची एक कॅसेट आणली होती. गाणाऱ्या बाईचा आवाज वर वर चढत जायचा आणि खालचा ठेका काही केल्या दमायचा नाही. भाषा कळायची नाही, पण पाय जागेवर राहायचे नाहीत. कॉलेजात असताना पुण्याच्या मित्रानं एका जर्मन वादकाचा टेक्नो कॅसेटमध्ये भरून दिला. त्यात शब्दच नव्हते. घरी विचारायचे, ‘गाणं कधी सुरू होणार?’ नंतर सायबर कॅफेत तासन् तास बसून ट्रान्स उतरवून घेतला. अलीकडे मोबाइलवर परदेशातली एक तरुण मुलगी ऐकतो, ती स्वतःच गाते आणि स्वतःच ठेका रचते.

एका रविवारी दुपारी हेडफोन लावून मी हे सगळं क्रमानं ऐकायला बसलो. डिस्को नीट ऐकू आला. जर्मनाच्या एका तुकड्यात तिसऱ्या मिनिटानंतर अगदी बारीक झांज येते. इतकी वर्षं मी तिची वाट बघत तो तुकडा ऐकत आलो. ती आलीच नाही. मागे घेतलं, आवाज वाढवला, तरी नाही. मी उठून खोलीभर फिरायला लागलो.

बायको सोलापूरजवळच्या मंद्रूपची. ती ज्वारी निवडत बसली होती. “अवो, किती येरझाऱ्या घालताय? बसा की एका जागी.”

मी तिच्याच कानाला हेडफोन लावले. “ऐक जरा. मध्येच च्स् च्स् असं काही वाजतंय का?”

या गाण्यांना ती पिठाची गिरणी म्हणायची. तरी तिनं सूप बाजूला सारलं आणि डोळे मिटून ऐकलं.

“हाय की. लई बारीक हाय. आता थांबलं. आता परत लागलं बगा.”

“नक्की?”

“मी कशाला खोटं सांगू? तुमाला येत न्हाय व्हय ऐकू?”

मी मान हलवली आणि तिच्याशेजारी फरशीवरच बसलो. तिनं हेडफोन काढून माझ्या हातात दिले. मग म्हणाली, “उद्या सुट्टी टाका. डॉक्टरकडं जाऊ.”

डॉक्टरांनी तपासणीचा कागद पुढे ठेवला. त्यावरची रेघ सरळ जाऊन शेवटी एकदम खाली कोसळली होती. “बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. उरलेलं सांभाळा,” ते म्हणाले. कारखान्यात चार महिने साहेबांच्या मागे लागलो, तेव्हा पॅकिंगला बदली मिळाली.

आता रविवारी आम्ही दोघं मिळून ऐकतो. आवाज कमी ठेवतो. झांज लागली की बायको माझ्या गुडघ्यावर बोटानं ताल धरते आणि उरलेलं मी आठवणीनं भरून घेतो. हल्ली तिची मतंही आहेत. नव्या मुलीपेक्षा कॅसेटवाली बाई चांगली, असं ती ठासून सांगते. मला ते पटत नाही.

पॅकिंगमध्ये शांतता आहे. लूमच्या खडखडाटात बुडून जायची ती कानातली किणकिण तिथं जास्तच जाणवते. जेवणाच्या सुट्टीत मी डबा अर्धा ठेवून उठतो, लूमच्या खात्याच्या दारापर्यंत जातो, हात दारावर ठेवतो आणि परत फिरतो.