चांगल्या पोळीचा गहू

गव्हाच्या अर्ध्या दाण्यावरून मी त्याच्या पुढच्या पिढीचं पीठ कसं निघेल ते सांगते. बडोद्याबाहेरच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत माझं हेच काम. दाणा ब्लेडनं आडवा कापायचा, अंकुराकडचा अर्धा पेरायला ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्यातली प्रथिनं तपासायची. आईकडून आलेल्या आणि बापाकडून आलेल्या प्रथिनांच्या रेघा चाचणीच्या पट्टीवर शेजारी शेजारी उमटतात. कोणाचं काय आलं ते लपत नाही. कणकेला ताण देणारं ग्लुटेन ज्यांत चांगलं उतरलंय, तेच दाणे पुढे जातात.

त्यातल्या एका वाणावर माझा भारी जीव. त्याची सकाळची पोळी संध्याकाळीही मऊ राहायची. चाचणीनंतर उरलेलं पीठ आम्ही सगळेच घरी नेतो. मी डबा भरून आणायची ते थोरलीसाठी. सात वर्षांची, पण अंगानं अगदी काडी.

"बस ना आई, पोट दुखतंय," ती म्हणायची.

"नाटकं नकोत. अजून अर्धी खा."

लहरीपुऱ्याच्या बाजारातून घेतलेला गेल्या दिवाळीचा फ्रॉक तिला यंदाही बसला. पोर कपडे किती जपून वापरते, असं मी शेजारणीला कौतुकानं सांगितलं. पोट तेवढं फुगत होतं आणि हातपाय आणखी बारीक होत होते. मी पोळीवरचं तूप वाढवलं. केस गळायला लागले तेव्हा कुठे तिला डॉक्टरांकडे नेलं.

रिपोर्टात सिलिअ‍ॅक निघाला. ग्लुटेनमुळे तिची आतडी आतून खराब होत चालली होती. घरात आणखी कोणाला पोटाचा त्रास आहे का, डॉक्टरांनी विचारलं. माझे वडील जन्मभर जेवण झालं की पोट धरून बसायचे. आम्ही भावंडं त्यांची थट्टा करायचो. दाण्यादाण्यात आईबाप शोधणारी मी, पोरीच्या ताटाशी बसून एकदाही हा विचार मनात आणला नाही. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

"बेन, धाकटीचीही तपासणी करावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

धाकटी दीड वर्षाची, गुटगुटीत. "आजपासून तिचा गहू बंद करते," मी म्हणाले.

"नाही, बंद नका करू. पोळी आत्ताच कुठे सुरू केलीय ना? काही आठवडे रोज खाऊ दे. पुरेसा गहू पोटात गेल्याशिवाय रक्तात काही दिसायचं नाही."

हे मला दुसऱ्यांदा समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर मी दुधात पोळी कुस्करली. वाटी बघून धाकटीनं टाळ्या वाजवल्या आणि आ केला. थोरली दारात उभी होती.

"आई, तिला नको ना देऊस," ती म्हणाली.

मी धाकटीला घास भरवला.